परक्या शहरात पायी चालताना

बोटीवर चढणारी, आखातात कामाला जाणारी आणि हल्ली मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणारी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगावी आहेत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), विमा, गोळ्या-औषधं, मसाल्याची पाकिटं यांची तयारी सगळे नीट करतात. तिथल्या रस्त्यावर पायी कसं चालायचं हे मात्र कोणी सांगत नाही, कारण चालणं ही शिकायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतच नाही. शेवाळलेली पाखाडी पावसात उतरणाऱ्याला डांबरी रस्ता तो काय शिकवायचा? खाली लिहिलंय ते बोटीवरच्या आणि आखातातल्या आम्हा मंडळींनी चालून आणि बघून गोळा केलेलं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते निघायच्या आधी वाचावं.

गावात रस्ता ओलांडताना आपण दोन गोष्टींवर विसंबतो. पहिली मानेची सवय. कडेला उभं राहिलं की मान आपसूक उजवीकडे वळते, कारण आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि सगळ्यांत जवळची गाडी उजवीकडून येते. दुसरी कानाची सवय. घाटातल्या वळणावर एसटी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू येतो, डंपरने उतारावर गिअर बदललेला कळतो, मागून येणारा रिक्षावाला हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नाही. परदेशात बहुतेक ठिकाणी या दोन्ही सवयी एकदम निकामी होतात. गाडी डावीकडून येते आणि हॉर्न न वाजवता येते. युरोपात, अमेरिकेत, जपानात हॉर्न हा धोक्याच्या क्षणी वाजवायचा असतो. तो ऐकू आला, तर उशीर झालेला असतो.

मानेची सवय किती खोल गेलेली असते याचं प्रसिद्ध उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचं. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरून ते रस्ता ओलांडत होते. इंग्लंडच्या सवयीने त्यांनी नको त्या दिशेला पाहिलं आणि मोटारीने त्यांना उडवलं. जगभर फिरलेल्या माणसाचं हे झालं. तेव्हा ‘मी लक्ष ठेवीन’ एवढा निश्चय पुरत नाही. मानेला नवा क्रम घालून द्यावा लागतो.

त्यासाठी आधी देश कुठल्या बाजूचा ते माहीत हवं. आपल्यासारखी डाव्या बाजूची वाहतूक ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, केनिया, टांझानिया, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेत आहे. सगळं आखात, युरोपची मुख्य भूमी, अमेरिका, कॅनडा, चीन, कोरिया, व्हिएतनाम आणि ब्राझील उजव्या बाजूचे. बोटीवरच्याला खरा त्रास बंदरं भराभर बदलल्याने होतो. सिंगापूर डावं, तिथून पुढचं व्हिएतनामचं बंदर उजवं. हाँगकाँग डावं, त्याला चिकटलेलं चीनचं शेन्झेन उजवं. म्हणून गँगवे (बोटीचा जिना) उतरण्याआधी, शोअर पास (बंदराबाहेर जायचा परवाना) खिशात टाकतानाच, आजची बाजू कोणती हे मोठ्याने एकमेकांना सांगावं. बोटीवर वॉच (पहाऱ्याची पाळी) बदलताना जसं तोंडी सांगून हवाली करतो, तसंच हे करावं.

उजव्या वाहतुकीच्या देशात क्रम असा: डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मग पाऊल. रस्त्याच्या मध्यावर पोचलात की क्रम उलटतो, कारण पुढच्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून येतात. चुका बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यातच होतात. पहिला अर्धा माणूस सावधपणे पार करतो, मधे पोचल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटतं आणि मान जुन्या सवयीवर जाते. मधे दुभाजक किंवा बेट असेल तर तिथे पूर्ण थांबा, आणि पुढचा भाग म्हणजे नवा रस्ता असं धरून नव्याने सुरुवात करा. एकदिशा रस्त्यावरही दोन्हीकडे बघायचंच. अनेक शहरांत एकदिशा रस्त्यावर बसला किंवा सायकलींना उलट दिशेची वेगळी लेन दिलेली असते. लंडनमध्ये ओलांडायच्या जागी डांबरावरच मोठ्या अक्षरांत ‘लूक राइट’ किंवा ‘लूक लेफ्ट’ असं रंगवलेलं असतं. तिथे बाजू आपलीच आहे म्हणून गाफील न राहता ती अक्षरं वाचावीत.

बाजू बदलली की आणखी तीन गोष्टी बदलतात. साईडपट्टीवरून चालताना शहाणा माणूस गावात उजव्या कडेने चालतो, म्हणजे समोरची गाडी तोंडावर येते आणि दिसते. उजव्या वाहतुकीच्या देशात फूटपाथ नसेल तिथे हेच डाव्या कडेने करायचं. वळणाच्या पोटात मात्र कड सोडावी, कारण तिथे येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वळणाच्या बऱ्याच अलीकडे पलीकडच्या कडेला जाऊन वळण सरलं की परत यावं. दुसरं, बसचं दार उजवीकडे असतं, म्हणजे बाजारात जायची बस आपल्याला वाटते त्याच्या समोरच्या थांब्यावर लागते. चुकीच्या थांब्यावर उभा असलेला माणूस समोर बस दिसली की धावतो, आणि सगळ्यांत वाईट धाव तीच. तिसरं, टॅक्सीतून उजव्या दारानेच उतरायचं. डावं दार वाहत्या रस्त्यात किंवा सायकलीच्या अंगावर उघडतं.

बोटीवरच्यांसाठी खरा पहिला रस्ता बंदराच्या आतला. कंटेनर टर्मिनलवर पायी चालायला जवळपास सगळीकडे बंदी असते. गेटपर्यंत टर्मिनलची गाडी नेते, तिची वाट बघावी लागते. वाट बघायचा कंटाळा येतो म्हणून कंटेनरच्या थप्प्यांमधून चालत निघणारे असतात, आणि ते फार धोक्याचं आहे. कंटेनर पायांमध्ये उचलून नेणाऱ्या उंच गाडीचा, स्ट्रॅडल कॅरियरचा, ड्रायव्हर कंटेनरच्या वर, खूप उंचावर बसलेला असतो, त्याला खालचा माणूस दिसत नाही. रॉटरडॅमच्या मास्फ्लाक्टेसारख्या टर्मिनलवर तर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या कंटेनर वाहतात. त्या कुंपणाच्या आत माणूस असणं अपेक्षितच नाही. जनरल कार्गोच्या जुन्या धक्क्यावर चालायची रंगवलेली पट्टी असते. हेल्मेट आणि चकाकणारं जॅकेट घालून त्या पट्टीवरूनच जावं, क्रेनच्या रुळांवर थांबू नये, आणि जॅकेट गेटवर काढून पिशवीत ठेवावं. रात्री परतताना ते शहरातही कामाला येतं.

गेटबाहेर पडल्यावर पहिला चौक लगेच ओलांडू नका. सिग्नलचे दोन-तीन फेरे उभं राहून बघा. स्थानिक माणसं लाल असताना जातात की थांबतात? पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलमध्ये हिरव्या माणसाचं चित्र दिसत असताना वळणाऱ्या गाड्या येतात का? गाडी झेब्र्याच्या किती अलीकडे थांबते? सायकली कुठून येतात? बटण आहे का? एवढं कळलं की त्या शहराचा अर्धा स्वभाव कळला. बर्लिनमध्ये रिकाम्या रस्त्यावरही लोक लाल माणसासमोर उभे दिसतात. लाल असताना गेल्याचा दंड तिथे फक्त ५ युरो आहे, पण शेजारी लहान मूल उभं असेल तर मोठी माणसं तोंडावर सुनावतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये लाल माणसावर ओलांडणं हा सहसा गुन्हा नाही आणि लोक बिनधास्त जातात. मात्र त्यांची मान त्या बाजूला तयार आहे, म्हणून त्यांच्या मागोमाग निघू नये. सिंगापूरमध्ये ओलांडायच्या ठरलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत दुसरीकडून रस्ता ओलांडला तर दंड होतो.

बटणाचं आपल्याकडच्यांना फार चमत्कारिक वाटतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक चौकांत ते दाबल्याशिवाय पायी चालणाऱ्यांचा सिग्नल लागतच नाही. गाड्यांचा हिरवा येतो, जातो, आणि आपण उभेच. मग माणूस वैतागून मधेच घुसतो. खांबावर बटण दिसलं की आधी ते दाबा, आणि आपण जातोय त्याच दिशेचं दाबा. एका खांबावर दोन असतात, बाण बघून घ्या.

सेकंद उलटे मोजणाऱ्या सिग्नलवर थोडं गणित लागतं. अमेरिकेत तो वेळ साधारण सेकंदाला ३.५ फूट, म्हणजे १.०७ मीटर चाल धरून ठेवलेला असतो. एक लेन साडेतीन मीटर धरली तर चार लेनचा रस्ता १४ मीटर, म्हणजे तरुण माणसाला १३ सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आईला तोच रस्ता सेकंदाला ०.८ मीटरच्या चालीने १७-१८ सेकंद घेतो. म्हणजे आकडा १५ वर असताना मुलगा पार होईल, आई मधेच राहील. तिथे पांढरा चालणारा माणूस दिसला की निघायचं. नारिंगी हात लुकलुकायला लागला की निघालेल्याने पूर्ण करायचं, नव्याने कोणी निघायचं नाही. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर सिग्नल मधे मिळाला तरी तो सोडून पुढचा, सुरुवातीपासूनचा घ्यावा. घाई करण्यासारखं तिथे काही नसतं.

हिरवा माणूस दिसला म्हणजे रस्ता मोकळा झाला असंही नाही. बहुतेक देशांत समांतर रस्त्यावरच्या गाड्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो आणि त्या तुमच्या झेब्र्यावर वळतात. त्यांनी थांबायचं असतं, पण डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय ते गृहीत धरू नका. अमेरिकेत याच्याही पुढची गोष्ट आहे. बहुतेक राज्यांत लाल सिग्नलवरही थांबून, बघून उजवीकडे वळायची मुभा असते, न्यूयॉर्क शहरात फलक असल्याशिवाय नसते. असा वळणारा ड्रायव्हर डावीकडे बघत असतो, कारण त्याला डावीकडून येणाऱ्या गाड्यांतली फट शोधायची असते. तुम्ही त्याच्या उजवीकडून झेब्र्यावर आलात तर त्याने तुम्हाला पाहिलेलंच नसतं. कडेच्या लेनमध्ये थांबलेल्या गाडीच्या पुढून जाताना त्याचा चेहरा बघा, चाकं बघा. डोकं पलीकडे असेल तर थांबा किंवा बॉनेटवर टकटक करा. लांब ट्रक वळत असेल तर त्याच्या आतल्या कुशीला अजिबात उभं राहू नका. मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत येतात आणि फूटपाथच्या कडेला घासतात.

दोन किंवा जास्त लेनच्या रस्त्यावर सिग्नल नसलेला झेब्रा असेल तर तिथला सापळा वेगळा. पहिल्या लेनमधली गाडी सौजन्याने थांबते, हात करून ‘या’ म्हणते. आपल्याला एवढ्या मानाची सवय नसते, म्हणून आपण लगबगीने, आभार मानत पुढे जातो. पण त्या थांबलेल्या गाडीमुळे दुसऱ्या लेनमधली गाडी दिसत नाही, आणि दुसऱ्या ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही. थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी यायचं, तिथे थांबायचं, वाकून पुढची लेन बघायची आणि मगच जायचं. मुंबई-गोवा महामार्ग जिथे चौपदरी झाला तिथे आता आपल्या गावातही हे लागू आहे. पूर्वी एका दमात ओलांडायचो त्या जागी आता दोन लेन, दुभाजक, परत दोन लेन आणि बाजूचा सर्व्हिस रोड आहे.

हॉलंडमधला चौक जरा जवळून सांगतो, कारण आपली माणसं तिथे गाडीपेक्षा सायकलीला जास्त धडकतात. ॲम्स्टरडॅमच्या मोठ्या रस्त्यावर कडेकडून मधे जाताना आधी करड्या फरशांचा फूटपाथ असतो. त्याला लागून लालसर डांबराचा पट्टा, तो सायकलींचा. तो फूटपाथच्या जवळपास पातळीला असतो, म्हणून नवीन माणूस फोटो काढायला नेमका तिथेच उभा राहतो. नंतर अरुंद बेट, मग गाड्यांची लेन, मग ट्रामचे रूळ, आणि पलीकडे हेच सगळं उलट क्रमाने. हा एक रस्ता समजून ओलांडायचा नाही. प्रत्येक पट्टा वेगळा, प्रत्येकासमोर वेगळं थांबणं आणि वेगळं बघणं. लाल पट्ट्यावर दोन्हीकडे बघा, कारण काही ठिकाणी सायकली दोन्ही दिशांनी चालतात. विजेच्या सायकलीला मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंत मिळते, आणि तिचा आवाज जवळजवळ नसतो. जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ दिसली तर टोक कोणाकडे आहे ते बघा. टोक ज्याच्याकडे, त्याने थांबायचं. सायकलवाला तुमची चाल ओळखून आधीच बाजूने जायचं ठरवून येतो. घंटी ऐकून आपण मागे उडी मारतो, आणि नेमके त्याच्या वाटेत जातो. पट्ट्यावर असाल तर चाल न बदलता सरळ पार व्हा.

ट्रामला वाट द्यायचीच. ती वळू शकत नाही, तिला थांबायला मोटारीपेक्षा जास्त अंतर लागतं. जर्मनीत झेब्र्यावर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम रुळांवरच्या गाड्यांना लागू नाही. एक ट्राम गेली की लगेच पाऊल टाकू नका. तिच्या आडून समोरच्या रुळावरची दुसरी येत असते.

व्हिएतनाममध्ये सगळं वेगळं. हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीत मोटारसायकलींचा लोंढा थांबतच नाही, फट मिळेल म्हणून उभे राहिलात तर दुपार होईल. तिथे महामार्गावर पळत सुटायची आपली सवय फार घातक ठरते. पद्धत अशी आहे. मोटारी, बस, ट्रक यांचा घोळका जाऊ द्या, फक्त दुचाक्या उरल्या की उतरा. हात कमरेच्या उंचीला, पंजा येणाऱ्यांकडे. चाल हळू, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी. प्रत्येक स्वार दुरूनच अंदाज बांधतो की तो तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा तुम्ही कुठे असाल, आणि त्याप्रमाणे तुमच्या पुढून किंवा मागून जातो. तुम्ही पळालात, थबकलात किंवा पाऊल मागे घेतलंत की सगळ्यांचे अंदाज एकदम चुकतात. म्हणून मागे कधीच नाही. मोठी गाडी येताना दिसली तर मात्र थांबायचं, ती तुम्हाला वळसा घालू शकत नाही. बरोबर दोघं-तिघं असतील तर एकामागे एक रांग लावू नये, ती लोंढ्यापुढे आडवी भिंत होते. खांद्याला खांदा लावून एकत्र चालावं. पहिल्यांदा एखाद्या स्थानिक आजीच्या बाजूला उभं राहावं, गाड्या येतात त्या बाजूला तिला ठेवून, आणि तिच्या चालीने जावं. संध्याकाळच्या गर्दीत दुचाक्या फूटपाथवरही चढतात, तेव्हा तिथे फोन बघत उभे राहू नका. १ जानेवारी २०२५ पासून वाहतुकीचे दंड तिथे खूप वाढवलेत, म्हणून सिग्नलचा चौक जवळ असेल तर तोच गाठा.

आखाताबद्दल कळकळीने सांगायचं आहे. कामगारांचा कॅम्प एका बाजूला आणि दुकान समोरच्या बाजूला, मधे सहा-आठ लेनचा रस्ता, पूल पंधरा मिनिटांवर, वर ऊन. माणूस कुंपणाच्या फटीतून निघतो. ताशी ११२ किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबायला ब्रिटनच्या सरकारी तक्त्यानुसार ९६ मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर. ४८ च्या वेगाला २३ मीटर पुरतात. गावातल्या रस्त्यावरून बांधलेला ‘होईल पार’ हा अंदाज तिथे चौपट चुकतो. कायदाही कडक आहे. संयुक्त अरब अमिरातीत ठरलेली जागा सोडून रस्ता ओलांडल्यास ४०० दिरहम दंड होता. २९ मार्च २०२५ पासूनच्या नव्या कायद्यात अशा ओलांडण्याने अपघात झाला तर कैद आणि ५,००० ते १०,००० दिरहम दंड सांगितलाय. ताशी ८० किंवा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर शिक्षा त्याहून मोठी, कमीत कमी तीन महिने कैद, कमीत कमी १०,००० दिरहम दंड किंवा दोन्ही. म्हणजे जखमी झालेला माणूसच आरोपी ठरू शकतो. दुबईत शेख झायद रोड ओलांडायला मेट्रो स्टेशनचे वातानुकूलित पूल वापरा. झेब्र्यावर न थांबणाऱ्या ड्रायव्हरला तिथे ५०० दिरहम आणि सहा काळे गुण (लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) बसतात, त्यामुळे झेब्र्यावर गाड्या खरोखर थांबतात. नव्याने आलेल्या पोराला पहिल्या सुट्टीच्या दिवशी जुन्या माणसाने हातात हात धरून पुलाची वाट दाखवावी.

विजेच्या गाड्यांचं कानाला कळत नाही. युरोपात नव्या विजेच्या गाड्यांना हळू चालताना कृत्रिम आवाज करणं बंधनकारक आहे, पण तो ताशी २० किलोमीटरपर्यंतच. म्हणून कानात इअरफोन घालून चालायचं नाही, आणि थंडीच्या देशात कानटोपी रस्ता ओलांडताना वर सरकवायची. जाड जॅकेटच्या टोपीने बाजूची नजरही जाते, मान पूर्ण वळवावी लागते. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आणि आपल्या लोकांची जॅकेटं काळी किंवा निळी. चकाकणारी पट्टी बाहीवर लावा.

खिशात कागदावर लिहिलेलं ठेवा: बोटीचं नाव, धक्का, एजंटचा नंबर, किंवा मुलाचा पत्ता आणि नंबर. फोन आपटून बंद पडतो, कागद राहतो. मदतीचा नंबर युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. अमिरातीत पोलिसांचा ९९९ आणि ॲम्ब्युलन्सचा ९९८. सिंगापूरला ॲम्ब्युलन्स ९९५, जपानला ११९, व्हिएतनामला ११५. धक्का लागून पडलात तर ‘काय नाय झालं’ म्हणून उठून चालू लागू नका. डोक्याचा मार तासाभराने जाणवतो, आणि तोपर्यंत गाडीवाला गेलेला असतो. कडेला बसा, गाडीच्या नंबराचा फोटो काढा, पोलीस येईपर्यंत थांबा, त्यांनी दिलेला नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. बोटीवरच्याने त्याच दिवशी मास्टरला (कॅप्टनला) सांगून बोटीच्या लॉगमध्ये नोंद करवून घ्यावी. पुढे उपचाराच्या खर्चाचा प्रश्न आला की कंपनी आणि विमावाले आधी तीच नोंद मागतात.